मिलेनियम पूल का डोलला?

सिव्हिलवाल्यांनो, प्रकल्पांवरची तांत्रिक व्याख्यानं निव्वळ सर्टिफिकेटसाठी ऐकू नका. निदान लंडनच्या मिलेनियम पुलावरचं एखादं तरी नीट ऐकाच.

10 जून 2000 रोजी हा पादचारी पूल खुला झाला आणि गर्दीखाली आडवा डोलू लागला. दोन दिवसांत बंद! मजबुतीत तो कुठेच कमी नव्हता. आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणजे डाव्या-उजव्या धक्क्याची वारंवारता सुमारे 1 हर्ट्झ. पुलाची आडवी कंपनं याच टापूत होती. पूल किंचित हलला की माणसं तोल सावरत चालतात आणि त्याला आणखी ढकलतात. (सगळे एका तालात येतात का, यावर संशोधकांचा वाद आहे.) ठरावीक गर्दीपर्यंत काहीच जाणवत नाही, त्यापुढे थोडी माणसं वाढली की हेलकावे भराभर वाढतात. पुलाचं डिझाइन करणाऱ्या 'अरुप' कंपनीच्या अभियंत्यांनी पुलावर माणसं चालवून हे मोजलं, डॅम्पर बसवले. फेब्रुवारी 2002 मध्ये पूल पुन्हा सुरू झाला.

मला सगळ्यात भावतं ते हे, की निष्कर्ष दडवले नाहीत, व्यवसायबंधूंसमोर मांडले. अशा व्याख्यानात फोटो कमी असले तरी चालतील. डिझाइनमध्ये डॅम्पिंग किती धरलं होतं, हे मात्र वक्त्याला जरूर विचारा.