गार्डन लॉजमधलं सामान

मिशी विंचरायचा एक चांदीचा कंगवा. टिफनी या कंपनीने घडवलेला, खिशात सहज मावेल एवढा. लंडनच्या सदबीज या लिलावघराने कॅटलॉगमध्ये त्याची अंदाजित किंमत ४०० ते ६०० पौंड अशी छापली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये तो विकला गेला १,५२,४०० पौंडांना, म्हणजे सुमारे दीड कोटी रुपयांना. ही मिशी क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याची होती.

त्याच्याच वस्तूंच्या त्या विक्रीत जेम्स टिसो या फ्रेंच चित्रकाराचं १८८० सालचं एक सुरेख तैलचित्र होतं. त्याला ४ ते ६ लाख पौंडांची अपेक्षा होती आणि हातोडा पडला ३,८०,००० वर. अपेक्षेच्या खालच्या आकड्यालाही ते शिवलं नाही. वाईच्या शाळेत मी आयुष्यभर चित्रकला शिकवली. हे दोन आकडे शेजारीशेजारी वाचले आणि मला फार वाईट वाटलं. कंगव्याला इतके पैसे का मिळाले, हे मला कळतं. तो त्या माणसाच्या ओठांपर्यंत गेलेला होता, आणि लोकांचं त्याच्यावरचं प्रेम खरं आहे. पण ज्या नजरेने त्याने घर भरलं, ती नजर चित्रांत दिसते, आणि तिच्याबद्दल बोललं गेलं फार कमी.

वाईहून पसरणीचा घाट चढलं की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत आठ वर्षांचा फारोख बलसारा वसतिगृहात राहायला आला. जन्म झांजिबारचा, १९४६ चा, घराणं पारशी. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला इथेच पडलं आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँडही इथलाच. आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९६४ मध्ये झांजिबारमध्ये उठाव झाला, कुटुंब इंग्लंडला गेलं आणि हा मुलगा ईलिंगच्या कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकला. क्वीन बँडचं राजचिन्हासारखं बोधचिन्ह त्याने स्वतः काढलं. गाण्यावर पोट भरण्याआधी बँडमधल्या रॉजर टेलरबरोबर तो केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे आणि चित्रं विकायचा. म्हणजे वस्तू पारखायची सवय पैसा येण्याच्या आधीची.

१९८० मध्ये त्याने केन्सिंग्टनमधलं गार्डन लॉज हे घर घेतलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते एका चित्रकार-शिल्पकार जोडप्यासाठी बांधलं गेलं होतं, त्यामुळे भरपूर उजेडाचा उंच स्टुडिओ त्यात आधीपासून होता. पुढची अकरा वर्षं तो हे घर सजवत राहिला: जपानी छापचित्रं, किमोनो, लाखेचं काम, काचेची भांडी, फाबर्जेचं घड्याळ, व्हिक्टोरियन चित्रं, पिकासो आणि मातीसची छापचित्रं. लिलावाला जाण्याचा त्याला नाद होता. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्समुळे झालेल्या न्यूमोनियाने तो याच घरात गेला. आपल्याला एड्स असल्याचं त्याने आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

घर आणि त्यातलं सगळं त्याने मेरी ऑस्टिनच्या नावे केलं होतं. ती त्याची तरुणपणीची प्रेयसी आणि नंतर जन्मभराची मैत्रीण. तिने तीस वर्षांहून अधिक काळ ते सगळं तसंच्या तसं सांभाळलं. वयाच्या सत्तरीत तिने विकायचं ठरवलं, तेव्हा तिच्यावर टीकाही झाली. मला ती पटली नाही. दुसऱ्याच्या आठवणींचं घर तीन दशकं पुसून-झाडून ठेवणं, ही मोठी सेवा आहे.

विक्रीआधी ४ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर, म्हणजे फ्रेडीच्या वाढदिवसापर्यंत, सगळा संग्रह सदबीजच्या न्यू बाँड स्ट्रीटवरच्या इमारतीत फुकट पाहायला ठेवला होता. दर्शनी भिंतीवर भलीमोठी मिशी लावली होती. १,४०,००० हून अधिक लोक येऊन गेले. मी तेव्हा मुलाकडे लंडनला होते, म्हणून मलाही ते भाग्य लाभलं. गर्दी मंचावरचा लाल झगा-मुकुट आणि क्वीनच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याच्या हस्तलिखिताभोवती होती. ते कागद पाहण्यासारखेच होते: ब्रिटिश मिडलंड या विमान कंपनीच्या लेटरहेडवर बॉलपेन आणि पेन्सिलने लिहिलेले, आणि एका पानावर आधीचं ‘मंगोलियन’ खोडून वर ‘बोहेमियन’ केलेलं. त्यांना पुढे जवळजवळ १४ लाख पौंड मिळाले.

माझे पाय थबकले ते जपानी चित्रकार हिरोशिगेपाशी. १८५७ चं छापचित्र: शिन-ओहाशी पुलावर अचानक आलेली सर. व्हॅन गॉगने ज्याची नक्कल रंगवली, तेच. पुलावरची माणसं छत्र्या आणि चटया डोक्यावर धरून वाकून पळताहेत, खाली नदीत एकटा माणूस तराफा हाकतो आहे. फोटोत हे सगळं दिसतं, पण पाऊस दिसत नाही. तो कागदाजवळ गेल्यावरच दिसतो. केसासारख्या बारीक, सरळ, काळ्या रेघा, वरपासून खालपर्यंत. सगळ्या एकाच कोनात नाहीत. काही किंचित तिरक्या, त्यामुळे सर हलल्यासारखी वाटते. लाकूड कोरणाऱ्याला त्या रेघा उठावात ठेवून आजूबाजूचं सगळं लाकूड काढून टाकावं लागतं. हात एकदा घसरला की ठोकळा गेला. वरचा काळा ढग खाली येताना विरत जातो, तो तर छापणाऱ्याने प्रत्येक प्रतीसाठी ओल्या ठोकळ्यावर शाई हाताने पुसून साधलेला. मुलांना लिनोकट शिकवताना मी चार जाड रेघा कोरून घ्यायचे आणि त्यातही निम्म्या तुटायच्या, म्हणून मला त्या पावसाची किंमत ठाऊक आहे. पाचगणीचा जुलै ज्याने लहानपणी वसतिगृहाच्या खिडकीतून पाहिला, त्याला हे चित्र आवडावं याचं मला नवल वाटलं नाही. या छापचित्राला २,९२,१०० पौंड मिळाले, अंदाजाच्या कितीतरी पट. तो भाव ऐकून मला आनंद झाला.

या आकड्यांचा हिशेब थोडा समजून घ्यायला हवा. लिलावघर आधी अंदाज छापतं, तो तशाच इतर वस्तूंच्या बाजारभावावरून. चांदीचा जुना कंगवा म्हणजे ४०० पौंड, इतकंच त्याला म्हणायचं असतं. वस्तू कुणाच्या हातून आली, याची किंमत बोली लावणारे ठरवतात. हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराला लिलावघराचं शुल्क द्यावं लागतं. इथे ते २७ टक्के होतं, त्यामुळे १,२०,००० ला सुटलेला कंगवा १,५२,४०० ला पडला. सहा लिलावांत मिळून चौदाशेच्या वर वस्तू होत्या. एकही परत गेली नाही. एकूण ३ कोटी ९९ लाख पौंड आले आणि त्यातला काही भाग एड्सविरोधी काम करणाऱ्या मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट आणि एल्टन जॉनच्या संस्थेला गेला.

आता ते टिसोचं चित्र. लाल पोशाख, डोक्यावर काळी टोपी, एक तरुण बाई सरळ आपल्याकडे पाहते आहे. ती कॅथलीन न्यूटन. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. हिला कोवळ्या वयात इथल्या एका इंग्रज डॉक्टरशी लग्न करायला बोटीने हिंदुस्थानात पाठवलं. लग्न लगेच मोडलं, बदनामी होऊन ती परतली. पुढे टिसो आणि ती लंडनला एकत्र राहिले आणि त्याने तिला पुन्हा पुन्हा रंगवलं. १८८२ मध्ये क्षयाने ती गेली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. टिसोने काही दिवसांतच लंडनचं घर सोडलं ते कायमचं. हे चित्र फ्रेडीने ऑक्टोबर १९९१ मध्ये घेतलं. त्याने विकत घेतलेलं हे शेवटचं चित्र. त्यानंतर तो महिनाभर जगला. दिवस मोजके उरलेत हे ठाऊक असलेला माणूस, ज्याच्या आजाराबद्दल लोक कुजबुजत होते, तो भिंतीवर लावायला अशी बाई निवडतो. त्याच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही, पण त्या चित्रासमोरून मला हलवेना.

त्याचा एक संग्रह मात्र अख्खा राहिला: पोस्टल म्युझियमकडे फ्रेडीचा लहानपणचा तिकिटांचा अल्बम आहे. नऊ ते बारा वर्षांचा असताना जमवलेला, म्हणजे पाचगणीच्याच काळातला. काळ्या पानांवर तिकिटं देशवार लावण्याऐवजी रंग-आकार पाहून, डाव्या-उजव्या बाजू जुळवून मांडलेली. १९९३ मध्ये वडिलांनी तो लिलावात काढला, पैसे एड्सच्या कामाला दिले आणि टपाल संग्रहालयाने तो अख्खा घेतला. म्हणून मुलाची मांडणी आजही जशीच्या तशी आहे. गार्डन लॉजची तशी राहिली नाही. कुठल्या चित्रासमोर कुठली फुलदाणी, ही जी खरी त्याची निर्मिती, ती सहा लिलावांत विखुरली. निदान जपानी वस्तूंचा संच तरी एखाद्या संग्रहालयाने एकत्र घ्यायला हवा होता.

वेगळंही घडू शकतं. गायक डेव्हिड बोवी २०१६ च्या जानेवारीत गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सदबीजनेच त्याचा संग्रह विकला, ३ कोटी २९ लाख पौंडांना. त्यात चित्रकार तिंतोरेत्तोचं एक चर्चमधलं चित्र होतं. व्हेनिसमधलं ते मूळ चर्च नेपोलियनच्या राजवटीत, १८०७ मध्ये, पाडलं गेलं होतं. ज्या संग्राहकाने ते घेतलं, त्याने ते अँटवर्पमधल्या चित्रकार रूबेन्सच्या घराला, म्हणजे संग्रहालयाला, दीर्घ मुदतीसाठी पाहायला दिलं. २०१९ मध्ये ते व्हेनिसच्या डोजच्या राजवाड्यातही लागलं. कॅथलीन न्यूटन आज ज्यांच्या घरी आहे, त्यांनीही तिला असं अधूनमधून बाहेर पाठवावं, आणि शेजारच्या पाटीवर तिचं, टिसोचं आणि फ्रेडीचं, तिघांचीही नावं लिहावीत.