पॅनवरचे चौथे अक्षर कोणते?

शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवणारे दोन भाऊ घ्या. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग येते, हे टर्निंग करून परत पाठवतात. कारखानदार जॉबवर्कच्या बिलातून टीडीएस कापूनच पैसे देतो. किती कापायचा हे पॅनच्या चौथ्या अक्षरावरून ठरते. ‘पी’ म्हणजे व्यक्ती, कपात १ टक्का. ‘एफ’ म्हणजे फर्म, कपात २ टक्के. पॅनच दिला नाही तर २० टक्के! एक बिल ३० हजारांच्या किंवा वर्षाची बिले १ लाखाच्या वर गेली की ही कपात लागते.

तिसरे अक्षर ‘एच’, हिंदू अविभक्त कुटुंबाचे. ती सोय मुस्लिम कुटुंबाला नाही. चूल एक, गल्ला एक असला तरी आयकर खात्याच्या लेखी आपण सुटी व्यक्ती, नाही तर फर्म. म्हणून निवड जपून करावी लागते.

आता हिशेब. समजा, वर्षाचा निव्वळ नफा १० लाख आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नियमाने, तो एकाच भावाच्या नावावर दाखवला तर नव्या करपद्धतीत कर शून्य, कारण १२ लाखांपर्यंत रिबेट आहे. फर्मला रिबेट नाही. तिला पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. भागीदारीपत्रात भागीदारांचा पगार लिहिलेला नसेल, तर कर ३,१२,००० रुपये. लिहिला असेल, तर ७,८०,००० रुपयांपर्यंत पगार खर्ची पडतो आणि कर ६८,६४० रुपयांवर येतो. पगाराचे एक कलम लिहायचे राहिले, तर केवढा फरक पडतो पाहा!

मात्र १ एप्रिल २०२५ पासून, भागीदाराला वर्षात २० हजारांहून अधिक पगार-व्याज दिले तर फर्मने त्यातून १० टक्के कापायचे आहेत. दोघांना दुसरे उत्पन्न नसेल, तर विवरणपत्र भरून ही रक्कम परत मिळते. विवरणपत्रच भरले नाही, तर ती सरकारजमा राहते.

मग सगळे थोरल्याच्याच पॅनवर ठेवावे का? कर वाचेल खरा. पण उद्या थोरल्याचे बरेवाईट झाले, तर कागदोपत्री धंदा त्याच्या वारसांचा. त्याला मुलगा असेल, तर वारसाहक्कानेही भावाला हिस्सा येत नाही. धाकट्याच्या वीस वर्षांच्या घामाची नोंद कुठे?

तेव्हा जे खरे आहे तेच कागदावर आणा. धंदा दोघांचा असेल तर फर्म करा, पत्रात हिस्सा आणि पगार दोन्ही स्पष्ट लिहा. मशिन, गिऱ्हाईक, बिले वेगळी असतील तर दोघांनी आपापला पॅन द्यावा. धाकटा पगारावर असेल तर तसे लिहा. आणि कारखानदाराला पॅन देण्याआधी, पहिल्या बिलाच्या अगोदर, कर सल्लागाराकडे दोघांनी मिळून जा.