टर्बोच्या मोटारीचा मॅनिफोल्ड

१९९३ सालीं निघालेल्या टोयोटा सुप्राचे दोन लहान टर्बो काढून एक थोरला बसविणारे हौशी पुष्कळ आहेत. त्यांना एग्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सहा सिलिंडरांतील जळके वायु टर्बोच्या चक्राकडे नेणारा फांटेदार नळ, नवा घ्यावा लागतो. तो घेतांना चकाकीला भुलूं नये. हे वायु ९०० अंश सेल्सिअसच्या घरांत तापतात, आणि थोरल्या टर्बोचा भारहि याच नळावर. स्टेनलेस पोलाद बिडापेक्षां सुमारें दीडपट प्रसरण पावतें. नळी पातळ असली कीं सांध्याशीं चीर पडते, वायु निसटतात, टर्बोचा जोर ओसरतो. शेजारींच तेलाची नळी असते, हें विसरूं नका! टायटॅनियमयुक्त ३२१ जातीचें जाड पोलाद ३०४ पेक्षां ही आंच अधिक सोसतें. मी मात्र, शर्यत धांवावयाची नसेल तर, ओबडधोबड, जड असें ओतीव बीडच घेईन.