कर्वेनगरचा आवाज कॅलिफोर्नियात कसा पोचतो?

पुण्याच्या कर्वेनगरातल्या आजींनी कॅलिफोर्नियातल्या नातवाला इंटरनेटवरून ‘जेवलास का रे?’ विचारलं, की त्यांच्या आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात. जुन्या जी.७११ पद्धतीत आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात, दर मोजणीला एक बाइट, म्हणजे एका तुकड्यात १६० बाइट. त्यावर पत्ता, क्रमांक आणि वेळेचे ४० बाइट चढले, की झालं पॅकेट. जी.७२९ पद्धतीने आवाज २० बाइटांत बसवला, पण वरचे ४० तसेच राहिले. मालापेक्षा बारदान जड!

हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवत नाहीत. ते येईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. मागेपुढे येणारी पॅकेट क्षणभर थोपवून क्रमाने वाजवतात. अभियंत्याची खरी कसोटी इथेच लागते. जास्त थोपवलं तर दोघं एकदम बोलू लागतात, कमी थोपवलं तर शब्द तुटतात. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सांगतो. त्यातले किमान ६५ तर सुमारे १३,००० किलोमीटरच्या काचतंतूतच खर्ची पडतात.

हे गणित शिकवणारी इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार शाखा कर्वेनगरातच, कमिन्स महिला अभियांत्रिकी महाविद्यालयात (स्थापना १९९१) आहे. आजींच्या अशा बोलण्याला, म्हणजे इंटरनेट टेलिफोनीला, भारतात परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून.