पत्ता नसलेला निरोप

मोठ्या पेढीत विक्रीची नोंद एक संगणकव्यवस्था ठेवते, कोठाराची दुसरी, हिशेबाची तिसरी. ह्या एकमेकींशी थेट बोलू लागल्या, तर एक बंद पडताच दुसरीही खोळंबते. म्हणून मध्ये निरोप सांभाळणारी व्यवस्था बसवितात. निरोप रांगेत थांबतो. घेणारा सवडीने उचलतो. १९९३ साली आलेली आय.बी.एम.ची एमक्यू आणि २००७ सालची रॅबिटएमक्यू ह्या त्यांतल्या प्रसिद्ध.

आता खरी गंमत. रॅबिटएमक्यूत पाठविणाऱ्याला रांगा ठाऊकच नसतात. तो निरोपावर 'विक्री.पुणे.पुस्तके' अशी चिठी लावून तो वाटपाच्या नाक्यावर, म्हणजे एक्स्चेंजवर, टाकतो. एखादी रांग आधीच सांगून ठेवते, 'विक्री.*.पुस्तके' मला द्या. तारकेच्या जागी कोणताही एक शब्द चालतो. उद्या नवा विभाग निघाला, तर त्याचा प्रोग्रॅम स्वतःची रांग निर्माण करून आपली मागणी नोंदवितो. पाठविणाऱ्याला एक अक्षरही बदलावे लागत नाही.

पण चिठीवर कोणी 'विक्रि' असे ऱ्हस्व लिहिले तर? (शुद्धलेखनासाठी छड्या मारणारे आमचे मास्तर येथे शोभले असते.) कोणाचीच मागणी जुळत नाही, आणि रॅबिटएमक्यू तो निरोप मुकाट्याने टाकून देते. पाठविणारा निश्चिंत, गिऱ्हाइकाची मागणी मात्र नाहीशी झालेली! हा दोष नव्हे, मुळातली रीतच तशी आहे. 'न पोचल्यास परत करा' अशी खूण पाठविणाऱ्यानेच करावयाची असते, किंवा बेवारस निरोपांसाठी दुसरा नाका नेमावयाचा असतो. मला विचाराल तर ह्यावाचून कोणतीही पेढी चालू करू नये.

एमक्यूत उत्तरासाठी नमुन्यावरून तात्पुरती रांग काढता येते. विचारणाऱ्या प्रोग्रॅमने ती बंद केली, की रांग संपते. मागाहून दूरच्या यंत्राकडून आलेले उत्तर, सोय करून ठेवली असल्यास, 'मृतपत्रांच्या' रांगेत पडते. जपून ठेवावेत अशी खूण असलेले निरोप तात्पुरती रांग स्वीकारतच नाही. तेव्हा पैशाच्या व्यवहाराचे उत्तर कायम रांगेतच घ्यावे. मात्र तशी रांग प्रोग्रॅमने काढली असेल, तर काम झाल्यावर ती मोडण्याचे कामही कोणाकडे तरी नेमून द्यावे लागते.