जिंकलेल्या बापाचा मुलगा

23 मार्च 2017 रोजी जपानच्या टीव्ही टोकियो वाहिनीवर 'नारुतो शिप्पुदेन'चा पाचशेवा भाग लागला. गावाने वाळीत टाकलेल्या एका अनाथ, हट्टी पोराच्या लग्नाला त्या दिवशी सगळा गाव जमला होता. आधीच्या मालिकेचे 220 भाग धरले, तर इथवर यायला 720 भाग लागले होते. मासाशी किशिमोतो यांची मूळ मांगा, म्हणजे चित्रकथा, 1999 ते 2014 अशी 15 वर्षं चालली आणि 700 प्रकरणांत, 72 खंडांत पुरी झाली. इतकी मोठी गोष्ट संपल्यावर थोडी उसंत मिळेल असं वाटलं होतं, पण दोन आठवडेही उलटले नाहीत तोच, 5 एप्रिलला, नारुतोच्या मुलाची गोष्ट सुरू झाली. तीच 'बोरुतो : नारुतो नेक्स्ट जनरेशन्स'. पुढची सहा वर्षं ती चालली आणि 293 भागांवर थांबली.

आपल्याकडे 2022 मध्ये सोनी याय वाहिनीने 'नारुतो' हिंदीत आणली आणि शाळकरी मुलांमध्ये या नावाची ओळख आणखी पसरली. त्यामुळे 'नारुतो संपली, आता बोरुतो बघू का?' हा प्रश्न आता मराठी घरांतही विचारला जातो. नारुतोचे जुने चाहते अनेकदा त्यावर एका शब्दात 'नको' म्हणून मोकळे होतात. मला ते उत्तर अपुरं वाटतं. या मालिकेत जे चांगलं आहे ते फार चांगलं आहे, आणि जे फसलं आहे ते का फसलं हे समजून घेण्यासारखं आहे.

तीन वाटा

लोकप्रिय मालिका संपल्यावर निर्मात्यांपुढे मोजक्याच वाटा असतात. 'ड्रॅगन बॉल सुपर'ने (2015 ते 2018, 131 भाग) जुनाच नायक ठेवला. गोकू तोच, त्याची लढण्याची भूक तीच, फक्त प्रतिस्पर्धी देवलोकातले. 'इनुयाशा'च्या पुढची 'याशाहिमे' (2020 ते 2022, 48 भाग) मुलींना पुढे आणते, पण त्यासाठी आईबापांना कथेतून बराच काळ दूर ठेवते. 'बोरुतो'ने तिसरी आणि सगळ्यांत अवघड वाट धरली. नायक बदलला, पण जुना नायक घरातच ठेवला. तो जिवंत आहे, गावाचा होकागे म्हणजे प्रमुख आहे, जगातला सर्वांत बलाढ्य शिनोबी म्हणजे निंजा योद्धा आहे आणि रात्री उशिरापर्यंत कचेरीत कागदांवर सह्या करत बसलेला आहे.

या मांडणीतून एक खरा प्रश्न उभा राहतो. ज्याला लहानपणी कुणीच नव्हतं, तो बाप झाल्यावर कसा वागेल? संपूर्ण गावाला आपलं कुटुंब मानणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या कुटुंबाच्या वाट्याला काय येतं? मूळ मालिकेला हा प्रश्न विचारताच आला नसता. त्यासाठी नारुतोचं स्वप्न आधी पुरं व्हावं लागलं.

केक जमिनीवर पडतो तेव्हा

53 व्या भागात बोरुतोच्या धाकट्या बहिणीचा, हिमावारीचा वाढदिवस आहे. वडील वेळेवर घरी आले आहेत, केक हातात धरून मुलीकडे येत आहेत, आणि अचानक धुराचा लोट उठून ते नाहीसे होतात. केक जमिनीवर पडतो. घरी आलेले वडील खरे नव्हतेच. ती त्यांची छायाप्रत होती. खरा नारुतो कचेरीत होता, आणि तो थकल्यामुळे प्रत विरून गेली.

ज्याने मूळ मालिका पाहिली आहे त्याला हा प्रसंग फार खोल लागतो. छायाप्रती निर्माण करणं ही नारुतोची अगदी सुरुवातीची विद्या. एकटं पोर शेकडो नारुतो उभे करायचं आणि पडद्यावर गर्दी व्हायची. आता त्याच विद्येमुळे त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला बाप हजर नाही. एकही संवाद न घालता पहिल्या गोष्टीच्या विजयाची किंमत इथे दाखवली आहे. सिक्वेलने करायचं काम हेच.

पुढच्या भागांत हा धागा नेटाने ओढला जातो. चुनिन या शिनोबींच्या बढतीच्या परीक्षेत वडिलांच्या नजरेत भरण्यासाठी बोरुतो मनगटावरचं एक यंत्र वापरतो. मेहनत न करता त्यातून कुठलीही विद्या बाहेर पडते. नारुतो भर मैदानात येऊन त्याची लबाडी उघड करतो, त्याला बाद करतो आणि त्याच्या कपाळावरची पट्टी काढून घेतो. तेवढ्यात मोमोशिकी हा शत्रू चाल करून येतो आणि गावाला वाचवताना नारुतो त्याच्या तावडीत सापडतो. 65 व्या भागातली शेवटची लढाई अ‍ॅनिमेशनच्या दृष्टीने या मालिकेचं शिखर आहे. नारुतो आणि त्याचा जुना साथीदार सासुके शस्त्रं सोडून हातापायांनी लढतात तेव्हा प्रत्येक वाराचं वजन जाणवतं. मग बोरुतोचा एवढासा रासेनगान, म्हणजे शक्तीचा फिरता गोळा, जो फेकल्यावर दिसेनासा होतो, मोमोशिकीला चकवतो आणि वडिलांचं चक्र, म्हणजे अंगची शक्ती, मिसळून प्रचंड झालेला दुसरा रासेनगान लढाई संपवतो. मुलगा बापासारखा झाला म्हणून ते जिंकत नाहीत. मुलाचं जे स्वतःचं होतं, ते बापाच्या ताकदीला जोडलं गेलं म्हणून जिंकतात.

कावाकीच्या आगमनानंतरचे घरातले प्रसंगही याच जातीचे आहेत. दारुड्या बापाने विकलेला हा पोरगा नारुतोच्या घरात राहायला येतो. त्याच्या हातून हिमावारीची फुलदाणी फुटते. प्रेम म्हणजे काय हे कधीच न पाहिलेला मुलगा ते तुकडे एकेक करून चिकटवत बसतो. जगाचा नाश वगैरे सगळं बाजूला राहतं आणि आपण फक्त त्या बोटांकडे पाहत राहतो.

शत्रू परके झाले

आता दुबळी बाजू. सगळ्यांत मोठी उणीव खलनायकांची आहे. मूळ मालिकेतले शत्रू शिनोबींच्या जगाच्याच जखमांतून जन्मले होते. मोठ्या देशांच्या युद्धात चिरडलेल्या छोट्या गावाचा नागातो पुढे पेन झाला. गावानेच शस्त्र म्हणून वापरल्यामुळे गारा रक्तपिपासू झाला. त्यांच्याशी लढताना नारुतोला आपल्या जगाच्या अन्यायाशीही लढावं लागे, आणि म्हणून त्या लढाया लक्षात राहिल्या. 'बोरुतो'तले ओत्सुत्सुकी कुळातले शत्रू बाहेरून येतात. त्यांना दिव्य वृक्ष लावून त्याचं फळ हवं आहे. त्यांच्या मागणीत तडजोडीला जागा नाही, आणि त्यांच्या दुःखात प्रेक्षकाला शिरायला दार नाही.

याचं कारण मांडणीतच आहे. नारुतो आणि सासुके मूळ मालिकेच्या शेवटी इतके बलाढ्य झाले होते की त्यांच्यापुढे उभा राहील असा शत्रू पृथ्वीवर उरलाच नव्हता. मग शत्रू मोठा करायचा किंवा जुन्या नायकांना लहान करायचं. लेखकांनी दोन्ही केलं. 218 व्या भागात नारुतोच्या पोटात जन्मापासून वास करणारा राक्षसी कोल्हा कुरामा मरतो, आणि सासुकेचा रिन्नेगान डोळाही जातो. कुरामाचा निरोप मनाला चटका लावतो, हे खरं. पण या सगळ्यातून नव्या पोरांसाठी जागा करण्याची घाई दिसते. आणि जागा झाली तरी ती सगळ्यांना मिळत नाही. होकागे होण्याचं स्वप्न पाहणारी सारादा पहिल्यापासून या मालिकेतली सर्वांत ठाम मुलगी आहे, तरी मोठ्या लढायांत तिच्या वाट्याला बहुतेक वेळा पाहत राहणंच येतं. मूळ मालिकेत सारादाच्या आईवर, साकुरावर, झालेला अन्याय मुलीपर्यंत चालत आला.

वेळापत्रकाचा घोळ

दुसरी उणीव कथेबाहेरची आहे. 'बोरुतो'ची मांगा 2016 पासून महिन्याला एक प्रकरण या गतीने येत होती. चित्रं मिकिओ इकेमोतो यांची, लेखन सुरुवातीला उक्यो कोदाची यांचं, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये 52 व्या प्रकरणापासून लेखनाची सूत्रं किशिमोतो यांनी स्वतः हाती घेतली. अ‍ॅनिमे मात्र दर आठवड्याला. महिन्याच्या एका प्रकरणातून चार भाग कसे काढणार? म्हणून पिएरो स्टुडिओच्या लेखकांना स्वतंत्र कथा रचाव्या लागल्या. त्यातल्या काही सकस आहेत. बोरुतोचा सोबती मित्सुकी गाव सोडून जातो तो भाग, किंवा बोरुतो आणि सासुके भूतकाळात जाऊन लहानग्या नारुतोला भेटतात तो भाग, यांना 'फिलर' म्हणून झटकणं अन्यायाचं होईल. पण बऱ्याच कथा नुसता वेळ काढतात, आणि मुख्य कथा पुन्हा हाती येईपर्यंत प्रेक्षक गळालेला असतो.

शिवाय मोमोशिकीची कथा 2015 च्या चित्रपटात, मग मांगात आणि 2018 मध्ये पुन्हा अ‍ॅनिमेत, अशी तीनदा सांगितली गेली. दुसरीकडे पहिल्याच भागात दाखवलेल्या बोरुतोच्या उजव्या डोळ्याच्या गूढाचा 293 भाग संपले तरी उलगडा होत नाही.

मोठं दुर्दैव वेगळंच आहे. मार्च 2023 मध्ये अ‍ॅनिमे थांबली, आणि मांगा त्यानंतर खऱ्या अर्थाने पेटली. एइदा नावाच्या मुलीच्या शक्तीमुळे सगळ्या जगाच्या आठवणीत बोरुतो आणि कावाकी यांच्या जागा बदलतात. होकागेचा लाडका मुलगा एका रात्रीत गावाचा शत्रू ठरतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी मोजकीच माणसं उरतात. त्यांत सारादा आहे. बाप जिथून निघाला होता त्या एकटेपणात मुलगा येऊन पोहोचतो, आणि तेही स्वतःचा काही दोष नसताना. ऑगस्ट 2023 पासून सुरू झालेली 'बोरुतो : टू ब्लू व्होर्टेक्स' ही मांगा इथून पुढची गोष्ट सांगते, आणि तिची पकड आधीच्या भागापेक्षा कितीतरी घट्ट आहे.

माझा निर्वाळा असा : 'बोरुतो' घरात असते तेव्हा मोठी असते, आकाशात जाते तेव्हा लहान होते. घरातल्या मुलांनी विचारलं तर त्यांना 'नको' म्हणू नका. 53 ते 65 हे भाग त्यांच्यासोबत बसून पाहा, विशेषतः तुम्हीही रात्री उशिरा घरी येणारे पालक असाल तर. मग कावाकी घरात येतो तिथपासूनचे भाग निवडून पाहा आणि पुढची कथा मांगात वाचा. सगळे 293 भाग पाहण्याची सक्ती कुणावरच नाही, पण हे तेरा भाग चुकवू नयेत.