माकडाच्या डोळ्यातील पांढरा दोरा

रहिमतपूर-कोरेगाव परिसरातील गोठ्यात एखाद्या गाईच्या डोळ्यातून सतत पाणी गळू लागले, की जाणता पशुपालक तिची पापणी हळूच उलटून पाहतो. कधी कधी आत बारीक पांढरा दोरा वळवळताना दिसतो. हा डोळ्यातील जंत. त्याचे शास्त्रीय नाव थेलाझिया. गुरांमध्ये तो माश्यांमार्फत पसरतो. याच वंशातील एक जंत माकडाच्या डोळ्यातही वस्ती करतो, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

१९९८ साली केंद्र सरकारने माकडांचे खेळ करण्यास बंदी घातली आणि मदाऱ्याच्या दोरीतून त्यांची कायद्याने सुटका झाली. तरी प्राणिसंग्रहालयांत, संशोधनसंस्थांत आणि जखमी प्राण्यांच्या उपचारकेंद्रांत आजही अनेक माकडे बंदिस्त असतात. अशा मुक्या जिवाचे दुखणे ओळखणे सर्वस्वी रखवालदाराच्या नजरेवर अवलंबून असते. माकड एकच डोळा वारंवार चोळते, उजेडाकडे पाठ करते, पापणी सुजते, चिपडे येतात. धूळ गेली असेल किंवा डोळे आले असतील, असे समजून थेंब घातले जातात. दुखणे मात्र हटत नाही, कारण जंत पापणीच्या आड सुखरूप असतो.

माकडात आढळणाऱ्या या जंताचे नाव थेलाझिया कॅलिपीडा. रेये आणि आंरी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९१० साली त्याचे पहिले वर्णन केले. तो नमुना रावळपिंडीच्या एका कुत्र्याच्या डोळ्यातील होता. कुत्रा, मांजर, कोल्हा, ससा, माकड आणि माणूस, असा त्याचा संचार आहे. मणिपूर, आसाम व हिमाचल प्रदेशात माणसांच्या डोळ्यांतूनही तो काढला गेला आहे. अश्रू पिणारी फॉर्टिका नावाची चिमुकली फळमाशी त्याची वाहक. अश्रूंबरोबर जंताची पिल्ले तिच्या पोटात जातात, दोन-तीन आठवड्यांत वाढतात आणि पुढच्या डोळ्यात उतरतात. साधारण महिन्याभरात तिथे पूर्ण वाढलेला जंत तयार होतो.

तथापि डोळ्यात दिसलेला प्रत्येक दोरा थेलाझिया नसतो. घोड्याच्या बुबुळामागील पाण्यात पोहणारा सेटारिया डासांमुळे येतो आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते. आफ्रिकेतील ड्रिल जातीच्या माकडांत लोआ हा जंत डोळ्याच्या पांढऱ्या पडद्याखालून सरकतो. कॅमेरूनमध्ये ड्यूक आणि वाइअर्स यांनी १९५८ साली माकडांतील लोआचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसातील लोआची सूक्ष्म पिल्ले रक्तात दिवसा दिसतात, तर ड्रिल माकडातील रात्री. म्हणून रक्त कोणत्या वेळी घेतले, यालाही महत्त्व आहे. प्राणी कोणत्या देशातून आला, हा तर पहिला प्रश्न.

ही ओळख केवळ नावासाठी नसते. माणसाच्या रक्तात लोआची पिल्ले अफाट संख्येने असताना आयव्हरमेक्टिन दिल्यास मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. एका जंतावरचे औषध दुसऱ्या ठिकाणी घातक ठरते, ते असे.

यासाठी पशुवैद्य माकडाला गुंगी देतो, डोळा बधिर करतो, मिठाच्या निर्जंतुक पाण्याने धुतो आणि जंत चिमट्याने अलगद उचलतो. जंत सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. थेलाझिया दुधी रंगाचा, एक-दीड सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याच्या कातडीवर करवतीच्या दात्यांसारख्या आडव्या रेषा असतात. लोआ त्याहून कितीतरी लांब, त्याच्या अंगावर बारीक उंचवटे. जखमी माकड आढळल्यास ते घरी न ठेवता वनविभागाच्या स्वाधीन करावे. नमुना तपासण्याची विद्या फार दूर नाही; सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

जैन कुटुंबाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहतो. तत्त्वार्थसूत्राच्या गणनेत कृमी द्वींद्रिय आणि माकड पंचेंद्रिय. मग एकाला वाचवताना दुसऱ्याचे काय? डोळा जाऊ देणे ही दया नव्हे, हे खरे; पण जंत काढताना मन थबकते, तेही खोटे नाही. या पेचातून वाट दाखवते ती आधीची काळजी. फॉर्टिका माशी आंबलेल्या फळांकडे ओढली जाते. श्रद्धेने पिंजऱ्यात टाकलेली पिकली केळी तिथेच कुजली, तर दानच दुखण्याला आमंत्रण देते. उरलेली फळे वेळीच उचलावीत, पिंजऱ्याला बारीक जाळी बसवावी, नव्या प्राण्याचे डोळे तपासूनच त्याला इतरांत सोडावे. अशाने माशी मारावी लागत नाही, जंत डोळ्यापर्यंत पोहोचत नाही आणि माकडाची दृष्टी शाबूत राहते.